आधी जागा, मग सूत्र

एक साधा प्रश्न. वर्गात ७२ जण आहेत. गॅदरिंगसाठी त्यांच्यातून एक अध्यक्ष, एक चिटणीस आणि एक खजिनदार निवडायचा आहे. एका माणसाकडे एकच पद. तर ही तीन पदं एकूण किती प्रकारे भरता येतील?

हा प्रश्न आपल्या कट्ट्यावर कुणालाही विचारा. पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : "एन पी आर की एन सी आर?" दुसरी प्रतिक्रिया म्हणजे पाठ केलेलं सूत्र : एन फॅक्टोरियल भागिले (एन वजा आर) फॅक्टोरियल. आणि तिसरी म्हणजे खिशातला सायंटिफिक कॅल्क्युलेटर. त्यावर ७२ फॅक्टोरियल दाबलं की स्क्रीनवर येतं 'मॅथ एरर'.

कॅल्क्युलेटर बिघडलेला नसतो. आपल्याकडच्या नेहमीच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरमध्ये १० च्या १०० व्या घातापेक्षा लहान संख्याच मावते. ६९ फॅक्टोरियलपर्यंत तो तग धरतो, ७० फॅक्टोरियलला हात टेकतो. 'एन पी आर'चं वेगळं बटण दाबलं तर उत्तर मिळतं, हे खरं. पण आपल्याला तीन माणसं निवडायची होती. त्यासाठी शंभर आकडी संख्येच्या वाटेला आपण गेलोच कशाला? हाच या लेखाचा मुद्दा आहे.

तीन खुर्च्या मांडा

सूत्र क्षणभर विसरा आणि स्टेजवर तीन रिकाम्या खुर्च्या मांडा. एकीवर 'अध्यक्ष', दुसरीवर 'चिटणीस', तिसरीवर 'खजिनदार' अशी पाटी लावा. आता प्रत्येक खुर्चीजवळ जाऊन एकच प्रश्न विचारायचा : या घडीला इथे बसायला किती जण शिल्लक आहेत?

अध्यक्षाच्या खुर्चीसाठी ७२. त्यातला एक बसला, म्हणून चिटणिसाच्या खुर्चीसाठी ७१. आणखी एक गेला, म्हणून खजिनदाराच्या खुर्चीसाठी ७०. झालं!

७२ × ७१ × ७० = ३,५७,८४०

तीन आकड्यांचा गुणाकार, कागदावर अर्ध्या मिनिटाचं काम. पाठ केलेलं सूत्रही हेच सांगतं. ७२ फॅक्टोरियल म्हणजे ७२ पासून १ पर्यंतचा गुणाकार. त्याला ६९ फॅक्टोरियलने भागलं की ६९ पासून १ पर्यंतचं सगळं उडून जातं आणि वर उरतात तेच तीन आकडे. म्हणजे आधी ६९ आकडे विनाकारण गुणायचे आणि मग त्यांनीच भागायचं. दारातून आत जायला गावाला वळसा घालण्यातला प्रकार!

आता एक शंका. बेरीज का नाही, गुणाकारच का? कारण अध्यक्ष म्हणून कुणीही आला, तरी त्या प्रत्येक निवडीनंतर चिटणिसासाठी ७१ वाटा फुटतात. ७२ फांद्या, प्रत्येक फांदीला ७१ डहाळ्या, प्रत्येक डहाळीला ७० पानं. पानं मोजायची तर गुणाकारच करावा लागणार. इथे एक बारकावा आहे, तो नीट लक्षात ठेवा. अध्यक्ष कोण झाला यावर उरलेले ७१ जण *कोण* हे बदलतं, पण ते *किती* हे बदलत नाही. गुणाकाराचा नियम याच एका गोष्टीवर उभा आहे. जिथे 'किती' बदलायला लागतं, तिथे हा नियम डोळे मिटून वापरता येत नाही. त्याचं उदाहरण पुढे येईलच.

हे कुणी सांगितलं?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे 'पर्म्युटेशन' हा शब्द माझ्यापर्यंत पोचला तो इंग्रजी पुस्तकातून, सूत्रासकट आणि चौकटीत छापलेला. त्याला आपल्याकडे काही नाव असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. ते नाव मला सापडलं भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त. ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'चा हा अंकगणिताचा भाग. त्याच्या शेवटी एक छोटं प्रकरण आहे आणि त्याचं नाव आहे 'अंकपाश'. अंकांचा पाश, म्हणजे आकड्यांचं जाळं. काय सुंदर शब्द आहे!

भास्कराचार्यांचा आपल्या मातीशी असलेला संबंधही कागदोपत्री, खरं तर दगडावर कोरलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला, त्याची नोंद त्या लेखात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला.

आता अंकपाशातला एक प्रश्न पाहा. १ ते ९ हे आकडे आहेत, शून्य नाही. सहा स्थानं आहेत. प्रत्येक स्थानी वेगळा आकडा हवा. तर किती संख्या तयार होतील? भास्कराचार्यांचा नियम असा : शेवटच्या आकड्यापासून, म्हणजे ९ पासून, एकेक कमी करत जितकी स्थानं तितके आकडे मांडा आणि त्यांचा गुणाकार करा.

९ × ८ × ७ × ६ × ५ × ४ = ६०,४८०

नीट बघा, ही आपल्या खुर्च्यांचीच रीत आहे. यात फॅक्टोरियल नाही, भागाकार नाही. नियमात महत्त्वाचा शब्द आहे 'स्थान', म्हणजे जागा. जितक्या जागा, तितकेच गुणाकारातले आकडे. आपलं सूत्र 'एन'पासून सुरू होतं, ही रीत जागेपासून सुरू होते. दोन्हींचं उत्तर एकच येतं, पण डोकं चालतं ते दुसऱ्या वाटेने.

याच प्रकरणात देवांच्या हातांचीही उदाहरणं आहेत. विष्णूचे चार हात आणि चार वस्तू : शंख, चक्र, गदा, पद्म. या वस्तू हातांत अदलून बदलून दिल्या तर मूर्ती किती प्रकारच्या होतील? ४ × ३ × २ × १ = २४. आता पूजेला बसलेल्या आजोबांना आठवा. केशव, नारायण, माधव, गोविंद असं म्हणत ते किती नावं घेतात? चोवीस! मूर्तिशास्त्रात या चोवीस मूर्ती एकमेकींपासून ओळखायच्या त्या कोणत्या हातात काय आहे यावरून. कुठल्या नावाला कोणता क्रम हे ग्रंथाग्रंथांत बदलतं, पण चोवीस ही संख्या बदलत नाही. पंचविसावी मूर्ती हवी असेल तर पाचवी वस्तू आणावी लागेल, किंवा पाचवा हात.

दुसरं उदाहरण शंकराचं. दहा हात आणि दहा वस्तू : त्रिशूळ, डमरू, साप, धनुष्य, बाण वगैरे. उत्तर १० फॅक्टोरियल, म्हणजे ३६,२८,८००. चार हातांचे चोवीस आणि दहा हातांचे छत्तीस लाखांवर! हा फरक डोक्यात ठेवा, लेखाच्या शेवटी तो आपल्या कामाला येणार आहे.

हे सगळं सांगताना 'आपल्या पूर्वजांना सगळंच माहीत होतं' असली फुशारकी मला मारायची नाही. भास्कराचार्यांच्या आधीही लोक हे मोजत होते आणि नंतरही त्यात भर पडत गेली. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर'मध्ये सात स्वरांच्या ५,०४० क्रमांचा हिशेब मांडला. एवढंच नाही, तर अमुक क्रमांकाची तान कोणती आणि अमुक तानेचा क्रमांक किती, हे शोधायची रीतही दिली. १३५६ मध्ये नारायण पंडिताने 'गणितकौमुदी'त एका क्रमावरून पुढचा क्रम कसा काढायचा ते सांगितलं. आपण सी प्लस प्लसमध्ये 'नेक्स्ट पर्म्युटेशन' नावाचं तयार फंक्शन वापरतो. त्यामागच्या रीतीचं मूळ डोनाल्ड क्नूथ यांनी आपल्या प्रसिद्ध ग्रंथात नारायण पंडितापर्यंत नेलं आहे. कॉम्प्युटरवाल्यांनी हे एकदा तरी वाचावं.

तीन प्रश्न विचारा

परीक्षेत किंवा कॅम्पसच्या ॲप्टिट्यूड टेस्टमध्ये गणित येतं ते शब्दांच्या वेषात. 'इथे एन पी आर वापरा' असं कुणी लिहून देत नाही. म्हणून खुर्च्या मांडल्यावर तीन प्रश्न क्रमाने विचारायचे.

पहिला प्रश्न : जागा खरंच वेगळ्या आहेत का? दोघांची अदलाबदल करून पाहा. अध्यक्ष आणि खजिनदार यांची अदलाबदल केली तर कमिटी बदलते, पैशाच्या चाव्या दुसऱ्याकडे जातात. म्हणून ३,५७,८४०. पण प्रश्न नुसता 'तीन सभासद निवडा' असा असेल, तर खुर्च्यांवर पाट्याच नाहीत. तेच तिघे कुठेही बसले तरी कमिटी तीच. तीन माणसं तीन खुर्च्यांवर ३ × २ × १ = ६ प्रकारे बसतात, म्हणजे प्रत्येक कमिटी आपण सहा वेळा मोजली. ३,५७,८४० भागिले ६ म्हणजे ५९,६४०. हेच ते 'एन सी आर'. वेगळं पाठ करायची गरजच नाही. पाट्या काढल्या, भागाकार केला, संपलं.

दुसरा प्रश्न : एकदा वापरलेलं पुन्हा चालतं का? बँकेचा सहा आकडी ओटीपी घ्या. इथे आकडा पुन्हा आला तरी चालतो, म्हणून प्रत्येक जागी दहाच्या दहा पर्याय. १० × १० × १० × १० × १० × १० म्हणजे १० लाख. त्यातले सहाच्या सहा आकडे वेगळे असलेले किती? १० × ९ × ८ × ७ × ६ × ५ = १,५१,२००. म्हणजे सगळे आकडे सारख्याच शक्यतेने येत असतील, तर शंभरातल्या साधारण १५ ओटीपींमध्येच सगळे आकडे वेगळे असतील. बाकी ८५ मध्ये कुठला ना कुठला आकडा पुन्हा येणारच. मोबाईलमधले जुने मेसेज उघडून बघा, खात्री पटेल.

तिसरा प्रश्न : एखाद्या जागेला अट आहे का? असेल तर सगळ्यात आधी तीच जागा भरायची. समजा आठ उमेदवार आहेत, पाच टी.ई.चे आणि तीन एस.ई.चे. पदं तीच तीन. अट अशी की अध्यक्ष टी.ई.चाच हवा. आपण उलटीकडून सुरुवात केली, तर खजिनदारासाठी ८, चिटणिसासाठी ७ आणि अध्यक्षासाठी? आधीचे दोघे टी.ई.चे असतील तर ३ उरले, एक असेल तर ४, एकही नसेल तर ५. मघाशी म्हटलं ना, 'किती' बदलायला लागलं की गुणाकार अडतो. तो इथे अडला. आता अध्यक्षापासून सुरुवात करा. अध्यक्षासाठी ५. तो बसला की उरले सात, त्यांना काही अट नाही. म्हणून ५ × ७ × ६ = २१०. एका ओळीत उत्तर! आपण घरी पाहुण्यांची पंगत बसवताना हेच करतो. ज्यांना खाली बसता येत नाही अशा आजींची खुर्ची आधी ठरते, मग बाकीचे कुठेही बसतात.

'निदान एक' नावाचा सापळा

आता या विषयातला सगळ्यात फसवा शब्द : 'निदान एक'. तेच आठ उमेदवार, तीच तीन पदं. अट अशी की तिघांत निदान एक तरी एस.ई.चा हवा. बहुतेक जण असा विचार करतात : तीन एस.ई.वाल्यांपैकी एक निवडू, ३ प्रकार. त्याला तीनपैकी एक पद देऊ, ३ प्रकार. उरलेल्या दोन पदांवर उरलेल्या सातांतून कुणीही, ७ × ६. म्हणून ३ × ३ × ७ × ६ = ३७८.

विचार किती पटतो! पण एकच तपासणी करा. अट नसताना एकूण प्रकार किती? ८ × ७ × ६ = ३३६. अट घातल्यावर प्रकार वाढले? गेटवर आयकार्ड तपासायला लागल्यावर आत येणाऱ्यांची संख्या वाढावी, तसं झालं हे.

गडबड कुठे आहे? ज्या कमिटीत एस.ई.चे दोघे आहेत, ती दोनदा मोजली गेली. एकदा पहिल्याला 'तो निदान एक' मानून, एकदा दुसऱ्याला. तिघेही एस.ई.चे असतील तर तीनदा. हिशेब जुळतो का पाहा. एकच एस.ई.चा असलेले प्रकार १८०, दोघे असलेले ९०, तिघे असलेले ६. यांची खरी बेरीज २७६. आणि १८० + (२ × ९०) + (३ × ६) = ३७८. चूक नेमकी सापडली!

सरळ वाट अशी : एकूण ३३६ मधून 'एकही एस.ई.चा नाही' असे प्रकार वजा करा. ते म्हणजे ५ × ४ × ३ = ६०. उत्तर २७६. 'निदान एक' दिसलं की 'एकही नाही' मोजा आणि वजा करा. आणि काहीही मोजा, शेवटी अट नसतानाचा आकडा एकदा शेजारी लिहून बघा. पाच सेकंदांचं काम आहे, पण चुकलेलं उत्तर तिथेच हाती लागतं.

इंजिनिअरला हे कशाला हवं?

कुणी म्हणेल, कमिट्या आणि मूर्ती मोजून आम्हाला काय करायचंय? आम्हाला प्रोग्राम लिहायचाय, कॉम्प्युटर मोजेल. तर ऐका.

समजा दहा कामं आहेत आणि ती कोणत्या क्रमाने केली तर सगळ्यात कमी वेळ लागेल हे शोधायचं आहे. सोपा उपाय म्हणजे सगळे क्रम तपासायचे. प्रोग्राम सेकंदाला १,००० क्रम तपासतो असं धरू. दहा कामांचे क्रम ३६,२८,८००, शंकराच्या हातांइतकेच. वेळ लागेल साधारण एक तास. चहा घेऊन येऊ. आता कामं तेरा झाली. तीनच वाढली ना? क्रम झाले ६२२ कोटींच्या वर आणि वेळ ७२ दिवस. सबमिशनची तारीख गेली. आणि कामं पंधरा झाली तर? साधारण ४१ वर्षं. प्रोग्राम संपेल तेव्हा आपण रिटायरमेंटचे फॉर्म भरत असू!

नवा कॉम्प्युटर हजारपट वेगवान आणा. पंधराचा प्रश्न पंधरा दिवसांत सुटेल, पण आणखी तीन-चार कामं वाढली की पुन्हा तेच. इथे मशीन बदलून भागत नाही, रीत बदलावी लागते. आणि रीत बदलायला हवी हे प्रोग्राम लिहिण्याआधी कळतं, कागदावर केलेल्या एका गुणाकाराने.

दुसरी गोष्ट त्याहून रोजची. सी मध्ये ३२ बिटांच्या 'इंट'मध्ये १२ फॅक्टोरियल मावतं, १३ फॅक्टोरियल मावत नाही. ६४ बिटांच्या 'लाँग लाँग'मध्ये २० पर्यंत मावतं, २१ ला ओसंडतं. कॅल्क्युलेटर निदान 'मॅथ एरर' तरी सांगतो. सी बहुतेक वेळा गुपचूप चुकीचा आकडा छापून मोकळी होते. म्हणजे ७२ जणांतून तीन पदांचा प्रश्न पाठ केलेल्या सूत्राने प्रोग्राममध्ये घातला, तर बरोबर उत्तर मिळणार नाही. तेच भास्कराचार्यांच्या रीतीने लूप फक्त तीन वेळा फिरवा : ७२, ७१, ७०. ३,५७,८४० हे उत्तर साध्या 'इंट'मध्ये आरामात बसतं. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीची रीत आजच्या प्रोग्राममध्ये सूत्रापेक्षा सरस ठरते, ती जुनी आहे म्हणून नव्हे. जितक्या जागा तितकंच काम ती करते, म्हणून.

सूत्र वाईट नसतं. पण ते सगळ्यात शेवटी लिहायची गोष्ट आहे. आधी जागा मांडा, मग प्रत्येक जागेपाशी 'इथे किती?' असं विचारा.

करून बघा

१) 'लीलावती'तलंच उदाहरण : ४, ८, ५, ५, ५ या आकड्यांतून पाच आकडी संख्या किती होतील? (तीन पाच एकमेकांसारखेच आहेत. त्यांची अदलाबदल केली तर काही बदलतं का?)

२) ७२ जणांच्या वर्गातली एक ठरावीक मुलगी तीनपैकी कुठल्या तरी पदावर हवीच. प्रकार किती? (आधी तिला बसवा.)

३) ० ते ९ मधून, एकही आकडा पुन्हा न वापरता, चार आकडी संख्या किती? (कोणत्या जागेला अट आहे ते शोधा, तिथूनच सुरुवात करा.)

उत्तरं : २०, १४,९१०, ४,५३६. जुळली नाहीत तर सूत्राचं पुस्तक उघडू नका, खुर्च्या पुन्हा मांडा.